दोन ब्लॉक आणि गाड्यांचा पट

५ जाने. २००५, फुलचूर
गाडीच्या इंजिनाचा नवा ब्लॉक, पिस्टन ज्यात पळतो तो, मूळच्या कंपनीचा नाही, बाहेरचा, नऊशे रुपये. खरा पडला तो असा: नऊशे, नागपूरचं जाणं-येणं, दिवसभर बंद दुकान, वर बायकोचा, सु.चा, अबोला. साडी बघून येतो सांगून गेलो न् पोत्यात लोखंड घेऊन आलो.
तिचा भाऊ, माझा साळा हेमराज मात्र खूश. सौंदडकडे बैलांचा पट, म्हणजे शर्यत, झाला की दुसऱ्या दिवशी कालव्याच्या रस्त्यावर मोटरसायकल गाड्यांचा पट. पहिलंच वर्ष. दोन गाड्या, सरळ धाव, पुढे निघेल तो जिंकला. गाडी माझी जुनी टू-स्ट्रोक, चालवणार हेमराज.

८ जाने.
दोन्ही ब्लॉक बाकावर. गाडीचा मूळचा कंपनीचा, आतून दोनदा बोर करून रुंदावलेला, भिंत पातळ. बाहेरचा कोरा, जाड, पण कुठं ओतला देव जाणे. हेमराज म्हणतो कंपनीचाच राहू द्या.
दोरीला टांगून पान्याने वाजवले. कंपनीचा दबका. बाहेरचा घंटेसारखा, म्हणजे लोखंड अखंड. झाला निकाल, बाहेरचाच.
दुकानातल्या मंडळींना सांगितलं, डोळ्यावर पट्टी बांधा, नुसत्या आवाजावर कंपनीचा कोणता, बाहेरचा कोणता सांगतो. पट्टी कोणी आणली नाही. फुटपाथवर पंक्चर काढायचो तेव्हापासून कानावरच धंदा केला आहे.
सु. दारातून ऐकत होती. तीन दिवसांनी बोलली ती हे: "माह्या भावाले काई झालं त तेच कान धरीन तुमचे."

१४ जाने.
ब्लॉक बसवला. पाच दिवस हळू चालवून रुळवला. आवाज लोण्यासारखा.
सासरे जुने जोडीवाले, पटात बैलजोडी पळवणारे. पटाच्या दिवशी बैलांना सकाळपासून जू नाही, जोर राखायचा. हेमराज त्यांच्याच हाताखालचा. गाडीही बैलबंडीत घालून नेऊ म्हणतो, रेषेवर जाईपर्यंत किक नाही. मलाही पटलं. पेट्रोल वाचेल ते वेगळं.

१६ जाने.
आज गाड्यांचा पट.
कडाक्याची थंडी. गाडी बंडीतून उतरवली, हळदकुंकू, नारळ. रेषेवर पहिली किक, निशाण पडलं, त्याने मूठ पूर्ण पिळली. हेमराज पुढे होता. चांगला पुढे होता. मग आवाजच गेला. मागचं चाक जागच्या जागी थांबलं आणि तो रस्त्यावर घसरत, घसरत
मी कान देऊनच उभा होतो. आधी काही म्हणजे काही ऐकू आलं नाही.
गळ्याजवळचं हाड मोडलं. जीव वाचला. टेम्पोत डोळे मिटून म्हणाला, "भाऊजी, कंपनीचाच ठेवा म्हनलो होतो न मी."
सु.ने कान धरले असते तर बरं वाटलं असतं.

१८ जाने.
इंजिन खोललं. पिस्टन पकडला होता, ब्लॉकात जाम. चारही बाजूंनी सारखा खरवडलेला. ब्लॉकला तडा नाही, तेल बरोबर. मग उमगलं. ब्लॉक थंडगार, आतला पिस्टन एकदम तापून फुगला. किक मारून दोन मिनिटं गाडी तापवली असती तर... बैलासारखा आराम दिला आम्ही इंजिनाला. कंपनीचा असता तरी पकडला असता. बहुतेक.
सासऱ्यांना सांगितलं. म्हणाले, "म्हंजे हा बैल पळवून आनाले लागत होता?"
सु.ला सांगितलं. म्हणाली, "आता कायले सांगून राहिले?"

२० फेब्रु.
हेमराजच्या गळ्यातली झोळी निघाली. हात अजून खांद्याच्या वर जात नाही, आणि तिरोड्याकडच्या पटात उतरायचं म्हणतो. पिस्टन नवा आणू. ब्लॉक कोणता, विचारतो. पातळ भिंतीचा की कोण जाणे कुठला. या वेळी गाडी तापवूनच नेणार, तरी निवडायचा आहेच.
मी पाना शोधू लागलो. सु.ने माझ्याच गळ्यातला दुपट्टा माझ्या डोळ्यावर बांधला, पाना स्वतः घेतला.
"आयका न् सांगा. भाऊ बसनार हाय गाडीवर."
टण. बाहेरचा, म्हटलं.
टण. हा कंपनीचा. शंकाच नाही.
दुपट्टा सोडला. हेमराज हसला नाही.
दोन्ही वेळा तिने कंपनीचाच ब्लॉक वाजवला होता.