कव्हरच्या मागचं भोक

आई, तुझा काँप्युटर बिघडला होता. तोच, तू जायच्या आधल्या वर्षी माझ्या बी.ए.साठी हट्टानं घेतलेला. तू गेलीस आणि माझं शेवटचं वर्ष राहिलं ते राहिलंच. यंदा ठरवलं, काही झालं तरी पुन्हा नाव घालायचं. फॉर्मची शेवटची तारीख आज होती, आणि ब्राउझर असा की एक पान उघडेस्तोवर केलेला चहा गार व्हायचा. मोबाईलवर तो फॉर्म अर्धाच दिसतो. म्हणून परवा जुन्नरला ऑनलाइन सेंटरात गेले. तिथला मालक हसत म्हणाला, "पोरीचा फॉर्म का, ताई?" माझाच म्हटल्यावर वर म्हणतो, "आता या वयात कशाला डोक्याला ताप करून घेताय?" असा संताप आला! तशीच उठले आणि एसटीनं घाटघरला परत आले. म्हटलं, भरीन तर घरी बसून, माझ्या हातानं. नवरा म्हणाला, ते धूड भंगारात टाक. मी म्हटलं, हात तर लावून बघा!

मग तुझं शिलाई मशीन आठवलं. ओटीवर तू बसलीयेस, लग्नघरच्या ब्लाउजांचा ढीग पडलाय, आणि दोरा सारखा तुटतोय. तू पाणी प्यायला आत गेलीस तेवढ्यात मी शहाणपणा केला. सुई बदलली, स्क्रू ढिला केला, बॉबिनही काढून ठेवली. तू आलीस ती हातावर चापट मारूनच. "आगं, समदं येकदम इसकटलंस, तर दुखणं कुठं व्हतं ते कसं कळायचं? येक कर, दोन टाके घालून बघ, मंग दुसरं." लई राग आला होता तुझा. काल तेच केलं.

आधी उघडे पडलेले सगळे टॅब बंद केले आणि बघितलं. फरक नाही. साठलेली हिस्ट्री पुसली, तरी तेच. मग ब्राउझरला येऊन चिकटलेली नको ती एक्स्टेन्शनं काढली. जरा हलका वाटला, पण थोड्या वेळानं पुन्हा ये रे माझ्या मागल्या. तेव्हा कुठं ध्यानात आलं की सुरू केल्यावर काँप्युटर दहा मिनिटं नीट चालतो, मग मंदावतो आणि आतला पंखा बोंबलायला लागतो. त्याच्या डब्यावर हात ठेवला तर तवा तापलेला.

डब्याला तुझं कव्हर होतं. खळ्यातली धूळ जायला नको म्हणून उरलेल्या खणाचं तू शिवलेलं, पुढून बटणापुरतं उघडं आणि मागं एक गोल भोक. शेवटी शेवटी तुला सुईत दोरा ओवता येत नव्हता, बाह्यासुद्धा उलट्या लागायच्या. गेल्या दिवाळीच्या साफसफाईत ते भोक दिसलं तेव्हा वाटलं, हीही तुझी चूकच. म्हणून मायेनं ठिगळ लावलं. काल बघते तर ठिगळ बरोब्बर पंख्यावर! उसवलं, तर भोकाच्या कडेला काजाची बारीक शिलाई, एक टाका वाकडा नाही. चुकून पडलेल्या भोकाला एवढं कोण शिवतं गं? डबा घरात आला त्या दिवशी तू मागं तळहात धरून बसली होतीस. "ह्यो हितनं श्वास टाकतोय," म्हणालीस. मी तेव्हा लक्षच दिलं नव्हतं.

आतली धूळ ब्रशनं झाडली, कव्हर परत चढवलं. आज सकाळी फॉर्म गेला, एकदाही न अडकता. आईचं नाव विचारलं होतं, ते सावकाश टाईप केलं.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, कव्हरच्या आतच ठेवणार आहे, म्हणून सांगते. ठिगळ मायेनं लावलं असं वर लिहिलंय, ते खरं नाही. दिवाळीत मी ते भोक घरातल्या सगळ्यांना दाखवलं होतं. "बघा, आईला शेवटी काहीच दिसत नव्हतं," मी म्हणाले होते, आणि हसले होते, त्या सेंटरवाल्यासारखीच.