टाकीला भोक पाडण्याची शास्त्रीय पद्धत

२ मे २०१६
सोसायटीने स्टीलच्या टाकीची ऑर्डर वाळूजच्या आमच्या कंपनीला दिली, माझ्या शब्दावर. गारखेड्यात इमारतींवर इमारती, पण पालिकेची लाइन कोपऱ्यावरच अडलीय. टँकर आला तरी साठवायचं कशात? अध्यक्ष दत्तोपंतांना सांगितलं, पंधराला टाकी गच्चीवर. अंबिका म्हणाली, पंधराला नळाला पाणी नसेल तर ओवीला घेऊन पिशोरला जाते, माहेरच्या विहिरीला अजून पाणी आहे. मनावर घेतलं नाही. बायको क्वालिटी इंजिनिअरची आहे.

६ मे
टाकी तयार. फकिराचं वेल्डिंग देखणं, पण मी देखणेपणावर जात नाही. वेल्ड गार होताना पत्र्यात ताण अडकतो आणि पुढेमागे तडा देतो. मोजणं सोपं. वेल्डजवळ गेज चिकटवायचा, त्याच्या मधोमध बारीक, अर्धवट खोल भोक पाडायचं. धातू किती सैलावला ते गेज सांगतो. लॅबमधला देवेश म्हणाला, नमुन्याच्या तुकड्यावर करा. नमुन्यातलं पाणी कोण पिणार आहे?

७ मे, दुपार
ड्रिल थांबत थांबत चालवायचं असतं. मध्येच अंबिकाचा फोन, आजही टँकर नाही. भोक आरपार गेलं. रीडिंगही गेलं. पत्रा पातळ निघाला.

८ मे
फकिराने भोक वेल्ड करून बुजवलं. पण नवं वेल्ड म्हणजे नवा ताण. तो मोजायलाच हवा. एवढं साधं कुणाच्या लक्षात येत नाही.

१० मे
आणखी एक आरपार. बुजवलं. निश्चय: ड्रिल हातात असताना फोन बंद. चहाही बंद.
फकिरा म्हणाला, "साहेब, भोक बुजवतो, पण मंग तुम्ही मोजायचं नाय."
त्याला सगळी थिअरी समजावली. तो डबा घेऊन निघून गेला.

१३ मे
झोप नाही. चहा सुरू केला. वेल्डभोवती ठिगळंच ठिगळं. दत्तोपंत बघायला आले, टाकीभोवती एक फेरी मारली, ठिगळं मोजली आणि परत गेले. भारावले असावेत.

१५ मे
अंबिका बॅग भरत होती. म्हणालो, दोन दिवस दे, खात्री नसलेली टाकी देणं बेइमानी आहे.
ती म्हणाली, "तुम्ही टाकी सांभाळा. मी पोरीला अंघोळ घालते."
दोघी एसटीने गेल्या. कामावर परिणाम होऊ देणार नाही.

१७ मे
जमलं! ठिगळांचा अख्खा भागच ग्राइंडरने कापून काढला आणि त्यावर मोजलं. भोक अगदी मापात. ताण जवळजवळ शून्य. देवेश म्हणाला, कापून सुट्या केलेल्या पत्र्यात ताण राहणारच कसा? म्हणजे रीडिंग त्यालाही मान्य आहे. टाकीला खिडकी पडलीय, ते वेगळं.

१८ मे
सोसायटीने गच्चीवर काळी प्लॅस्टिकची टाकी बसवली. मला विचारलं नाही. सकाळी टँकर येऊन गेला. नळ सोडला तर धो धो पाणी. बादल्या भरल्या, पिंप भरलं, ओवीची भातुकलीची कळशीसुद्धा भरली. मग घरभर नुसता फिरत राहिलो. करमेना. पिशोरला फोन लावला. म्हणायचं होतं, या आता. म्हणालो, रीडिंग शून्य आलं.
अंबिकाने फोन ओवीकडे दिला.