वहीवरचं पिस्तूल

दसरा, १९८६. चँडलर, अमेरिका.

राग जात नाही. बाबांचे मित्र जोशीकाका, त्यांनी आज त्यांच्या घरच्या पूजेत माझ्या वहीवर स्वतःचं पिस्तूल ठेवलं. वर हळदकुंकू, झेंडूचं फूल. ज्या वहीतून मी कॉलेजात शिकवते, त्या वहीवर.

"शस्त्रपूजा आहे गं, तोंड कशाला पाडतेस?" म्हणाले. शिवाय सोमवारी कॅम्पसवर बंदुका आणू द्याव्यात का यावर मीटिंग आहे, तिथे मी 'हो' म्हणून बोलायचं, असंही त्यांचं म्हणणं. "एकटी मुलगी, उशिरा लॅबमधून येतेस. तुझ्याच सेफ्टीसाठी सांगतोय."

माझी सेफ्टी? परवाच मी नापास केलेला मुलगा टेबलावर मूठ आपटून गेला. मुठीत काही नव्हतं, म्हणून मी मार्क बदलले नाहीत. असतं तर? बदलले असते का? काकांना हेच विचारलं, तर म्हणाले, "म्हणूनच तूही एक ठेव." म्हणजे पेपर परत देताना दोघांकडेही पिस्तूल.

काकू म्हणाल्या, "नमस्कार कर आणि जेवायला बस बाई." आईने घरीच पाटीवर सरस्वती काढून मला अक्षरं शिकवली. दसऱ्याला वहीला नमस्कार न करता मी कधी जेवले नाही. पण आज तो पिस्तुलालाही झाला असता. पूजेतली वस्तू हलवू नये, मोठ्यांचा अपमान करू नये, सगळं मनात आलं. तरी पिस्तूल उचलून बाजूला ठेवलं. मग नमस्कार केला.

वहीवर भोवती कुंकू सांडलंय आणि मधे पिस्तुलाच्या आकाराची कोरी जागा. पुसणार नाही. सोमवारी हीच वही घेऊन उभी राहीन, 'नाही' म्हणायला.