चेटकिणीला तिखट लागत नाही

रविवार, संध्याकाळ

पिहूला चेटकिणींचा सिनेमा दाखवायची हौस माझीच. मुलांच्या पुस्तकावरून काढलाय म्हणून गेलो, तर पडद्यावर नुसता काळोख! दादाची ही सात वर्षांची पोर डोळे मिटून मलाच विचारत होती, "आत्या, आता काय करून राहिली वं ती?" सिनेमातल्या चेटकिणीची खूण एकच. तिला तिखट लागत नाही.

आणि मी मूर्ख, सुटल्यावर तिला घेऊन तर्री-पोहे खायला गेले! नेहमीसारखा तो झणझणीत रस्सा, तर्री, तीनदा मागितला आणि हूं की चूं न करता संपवला. पिहू खुर्ची सरकवून लांब बसली. माझा हात धरेना.

मग काय, तिखट पचवायची इतक्या वर्षांची ऐट सोडून मी हाशहुश केलं, डोळे पुसले. पोहेवालाच घाबरला. "काय झालं जी ताई? रोजचीच तर्री आहे." त्याच्यासमोर! काहून केलं मी हे? अजून लाज वाटतेय.

स्कूटरवर पिहू मागचा दांडा धरून बसली, मला नाही. आमचं बेसा आलं, घर जवळ आलं, तेव्हा कुठे तिने मागून घट्ट मिठी मारली.

"आत्या, तुले खोटं रडता येत नाही. पण तू चेटकीण असली तरी चालते मले. बाबाले नाही सांगत मी."