यमुनाबाईचा अर्धा वाफा

९ डिसेंबर, मंगळवार

यमुनाबाईची दशक्रिया. घाटावर सकाळी साडेआठला. मंडप, माईक, प्रवचनाचे महाराज, सगळं वेळेवर. माणूस मायंदाळ. बिबट्यानं माणूस मारलं की पुढारी झाडून येतात. त्यांच्या नावांच्या चिठ्ठ्या हातात पडत होत्या आणि मी वाचत होतो. सतरा नावं हुद्द्यांसकट वाचली, एक चुकलं नाही. मग श्रद्धांजली. शाळेत शिकवत होतो तेव्हापासून हे काम माझ्याकडंच आहे. उभा राहिलो आणि इतक्या वर्षांचं घोटलेलं वाक्य आपोआप बाहेर पडलं : "कैलासवासी यमुनाबाई यांचे अल्पशा आजाराने दुःखद निधन झाले."

अल्पशा आजाराने! जिला भर दुपारी माझ्याच कांद्याच्या रानातून बिबट्यानं उसात ओढून नेलं, तिचं.

क्षणभर कुणाला कळलंच नाही. मग मागून कुणीतरी फिसकन हसलं. पुढं मी काय बोललो आठवत नाही. तिची मुलगी सारिका समोरच बसली होती. चौथीत माझ्या वर्गात होती. ती हसली नाही, रडलीही नाही, नुसती माझ्याकडं बघत राहिली. कावळा शिवायला पाऊण तास लागला. लोक म्हणाले, बाईचा जीव कशाततरी अडकलाय. मी तोवर चपला शोधत होतो.

१० डिसें.

व्हिडिओ गावाच्या ग्रुपवर. खाली हसरी तोंडं, हात जोडलेली तोंडं. एकानं लिहिलंय, 'गुरुजींच्या मते बिबट्या हा अल्पसा आजार.' बरोबरच आहे, मीही दुसऱ्याच्या बाबतीत हसलो असतो.

पिंपरी पेंढारहून फोन, शुक्रवारी एक द.क्रि. आहे, या. घसा बसलाय म्हणालो. सौ. भाकरी थापत होती. म्हणाली, "घसा बसला न्हाई, नाक कापलंय. तसं सांगा की."

भाषणाची वही काढली. पहिल्या पानावर मजकूर, नावाच्या जागी टिंबं. स्वभावानं प्रेमळ, कष्टाळू, मनमिळाऊ. गावातली सगळी मेलेली माणसं प्रेमळ, कष्टाळू, मनमिळाऊ. जिवंतपणी मी तिला 'ए यमुने' म्हणायचो. मेल्यावर माझ्या तोंडी बाई झाली.

११ डिसें.

सगळ्यांना वाटतं सवयीनं झालं. मलाही तसंच वाटून घ्यायला आवडेल. पण 'बिबट्यानं मारलं' एवढं तोंडातून काढायचं म्हटलं असतं तर त्याच्यामागून जे

नको. उद्या.

१३ डिसें., शनिवार

उद्या म्हणून दोन दिवस गेले. आज लिहितोच. ही वही सौ.सुद्धा वाचत नाही.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार. सकाळी कांद्याच्या रानात पाणी द्यायला गेलो. विहिरीच्या अलीकडं पाटाच्या चिखलात ठसे होते. कुत्र्याचे नव्हेत, नखं उमटलेली नव्हती. माझ्या तळहाताएवढे, चार-पाच, ऊस आहे त्या अंगाला गेलेले. ओळखले. इथं राहून न ओळखायला काय झालं?

टोळी दुसऱ्या दिवशी लागवडीला यायची होती. ठकूबाईची टोळी, बारा बाया. ती मिळावी म्हणून तीन आठवडे तिच्या दारात खेटे घातले होते. रोप जून होत चाललेलं. आणि ज्याच्या रानात ठसे दिसले, त्याच्या बांधावर बाया पंधरा दिवस फिरकत नाहीत, हे काय मला माहीत नव्हतं?

पाण्याचा पाइप ओढत त्या ठशांवरून नेला. दोनदा. मग पायानं चिखल सारखा केला.

वनखात्याला फोन नाही, ठकूबाईला नाही, घरीही नाही. मनाशी म्हणालो, गेला असेल पुढं, त्याला काय एकच रान आहे? शनिवारी दिवसभर काही झालं नाही. संध्याकाळी मी खूशही होतो. रविवारी दुपारी भाकरी खाऊन यमुना कळशी घेऊन विहिरीवर गेली.

पंचनाम्याला वनखात्याच्या साहेबांनी विचारलं, "आधी काही हालचाल दिसली होती का?" सगळ्यांदेखत म्हणालो, "नाही."

आता पिंजरा लावलाय. आतली शेळी दिवसभर ओरडते, घरापर्यंत ऐकू येतं.

१५ डिसें.

दुपारी सारिका दारात. मला वाटलं, भाषणाचा जाब विचारायला आली. विचारला असता तर बरं झालं असतं. आत येईना, उंबऱ्याबाहेरूनच बोलली.

"ठकूमावशीनं निरोप दिलाय. आईचा वाफा अर्धा ऱ्हायलाय तुमच्याकडं. आमी शनिवारी येऊन पुरा करणार. मग बाकीचं रानबी लावून टाकू."

मी म्हणालो, अगं, राहू दे, एवढ्यात कशाला.

"न्हाई गुरुजी. मेल्या माणसाचा वाफा अर्धा ठिवत न्हाईत, मावशी म्हणती. बाया भ्यायल्यात, पण येणार."

मावशीनं आताच काढलेला नियम दिसतोय. आजवर कुणाचा वाफा असा अर्धा राहिलाच कुठं होता?

जाता जाता म्हणाली, "तेवढं तुमी आधी रान बघून ठिवा. ठसं-बिसं दिसलं तर सांगा. तुमच्या भरवशावर येतोय आमी."

भरवशावर. ती गेल्यावर किती तरी वेळ उंबऱ्याशीच उभा होतो. सौ. नं विचारलं, देव आठवतोय का?

१६ डिसें.

सांगायचंच असं ठरवून सारिकाकडं गेलो. चहा पिऊन परत आलो. नालायक.

विचारलं मात्र, आई कशी होती. भाषणाआधी विचारायला हवं होतं ते भाषणानंतर आठव्या दिवशी. सारिका एकदा सुरू झाली ती थांबेना. यमुनाचं माहेर वर डोंगरात, आहुप्याकडचं. लग्नानंतर नवऱ्याबरोबर कामाला खाली आली ती इथंच राहिली, पण दरवर्षी वाघबारशीला वर जायची. यंदाही गेली होती. वाघोबाला नारळ देऊन आली. देवराईत शिरताना चपला काढायची, वाळकं पानसुद्धा उचलू द्यायची नाही. खाली टोळीत मात्र सगळ्यांच्या नकला. माझीही करायची म्हणे : चष्मा कपाळावर आणि 'चष्मा कुठाय, चष्मा कुठाय'. बाया हसून रोप टाकून द्यायच्या.

आणखी एक. मी शाळेत असताना यमुना खडूचे तुकडे मागायला यायची. पोरीला खेळायला हवे असतील म्हणून द्यायचो, कधी 'रोज रोज काय गं' म्हणून हाकलायचोही. ते तिला स्वतःला हवे असायचे. सारिका शाळेतून आली की दोघी चुलीपुढच्या फरशीवर अक्षरं काढायच्या. जोडाक्षरांपर्यंत आली होती. मी तिला शिकवलं नाही ते नाहीच, वर खडू मोजून दिले.

अकरा वर्षं माझ्या रानात होती. मला तिचं एवढंच माहीत होतं, की तिचा हात भरभर चालतो.

सारिका बोलत असताना दोनदा तोंड उघडलं. दोनदा चहाच प्यालो.

१८ डिसें.

सौ. ला सांगितलं. मेथी निवडत होती, हात थांबले नाहीत. म्हणाली :

"आता सांगून काय व्हणार? ती का परत येणार हाय?"

मला हायसं वाटलं. खोटं कशाला लिहू, वाटलं.

मग जुडी खाली ठेवली. "एक सांगा. त्या दिवशी कळशी घेऊन मी जाणार असते, तर मला सांगितलं असतं का न्हाई?"

"सांगितलं असतं."

"मंग," म्हणाली, आणि उठून आत गेली. जेवण वाढलं, पण समोर बसली नाही.

२० डिसें., शनिवार

उजाडताच रानात. विहीर, पाट, बांध, उसाची कड, दोनदा फिरलो. ठसा नाही. आठला बाया आल्या. अकरा आणि सारिका. बिबट्यानं मान धरू नये म्हणून गळ्यात खिळ्यांचे पट्टे. कुत्र्याच्या गळ्यात बघितले होते, माणसांच्या गळ्यात इतक्या जवळून पहिल्यांदा बघितले. एकीच्या हातात थाळी आणि पळी, वाजवायला.

ठकूबाई बांधावरच थांबली. "बघितलं का गुरुजी?"

"बघितलं. आज नाहीत."

आज म्हणालो आणि थांबलो. ती पुढं निघाली होती. म्हटलं, आता नाही तर कधीच नाही.

"ठकूबाई, त्या वेळी होते. दोन दिवस आधी. विहिरीपाशी. मी पुसले."

माइकवर एवढी वर्षं बोललो, पण इतक्या लहान वाक्यांना इतका दम कधी लागला नाही. थाळीवाली थाळी वाजवत होती, ती थांबली. ठकूबाईनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"रोपापायी?"

"हो."

"बाईपरास रोप म्हाग झालं व्हय ओ तुमाला! शाळा शिकवलीत तुमी आमच्या पोरांना!" अजून खूप बोलली. ते सगळं लिहीत नाही. सगळं खरं होतं. मग "चला गं" म्हणाली. बायांनी डबे उचलले आणि बांध चढून रस्त्याला लागल्या. मी मान खाली घालून उभा.

सारिका हलली नव्हती. माझ्याकडं बघतही नव्हती, वाफ्याकडं बघत होती. मोठ्यानं ओरडली, "मावशे, वाफा आईचा हाय. ह्यांचा न्हाई."

आल्या परत. रोप उपटून आणलं. एका वाफ्यात बारा जणी मावतात कुठं? पण मावल्या. गुडघ्याला गुडघा लावून, प्रत्येकीनं मूठभर लावलं. कुणीतरी माझी चष्म्याची नक्कल केली. यमुना करायची तशीच असावी, कारण दोघी-तिघी हसल्या आणि मग हसता हसताच रडल्या. मी बारा पावलांवर उभा होतो. मी तिथं नसल्यासारखंच चाललं होतं.

वाफा पुरा झाला. बाकीच्या रानाला हात लावला नाही. सौ. नं चहा आणला होता, कुणी घेतला नाही. जाताना सारिका माझ्यासमोर आली.

"२६ जानेवारीला ग्रामसभा हाय. माईक तुमच्याच हातात असतोय. आता जे बोलला ते तिथं बोलायचं. आईचं नाव घेऊन. पुढाऱ्यांची नावं सोडून द्या त्या दिशी."

"बोलेन."

"बघू," म्हणाली.

२१ डिसें.

बातमी फुटली. सकाळीच शेजारचा बाळू आला. तीन एकर ऊस, तोड अजून आलेली नाही. चपलांसकट ओट्यावर.

"गुरुजी, डोकं फिरलंय का तुमचं? सभेत बोलणार म्हणं! आरं, उद्या कुणाच्या रानात बाई येईल का? सगळेच गप ऱ्हात्यात. मी न्हाई का दिवाळीत..." पुढं गिळलं.

"काय दिवाळीत?"

"काय न्हाई." ओट्याच्या कडेला बसला. थोड्या वेळानं चपला काढल्या. "माझ्यात तर घरचीच बाया-माणसं खुरपत व्हती, गुरुजी." डोळ्यांत पाणी. मला त्याचा राग आला नाही. माझ्याच तोंडाकडं बघितल्यासारखं झालं.

मी एकटा नाही हे कळून बरं वाटायला हवं. नाही वाटलं.

२३ डिसें.

२६ जाने. साठी लिहायला बसलो. 'आदरणीय व्यासपीठ' लिहून खोडलं. तिच्याबद्दल सारिकानं सांगितलेलं सगळं लिहिता येतं, अगदी झरझर. माझ्या पायानं केलेलं लिहायला घेतलं की पेन थांबतो. पंचनाम्यात खोटं बोललो तेही सांगायला हवं. सौ. म्हणते, साहेब काय करतील ते करतील, आधी बोला. एक ओळ झाली आहे.

२४ डिसें., बुधवार

सकाळी विहिरीपाशी ठसे. ताजे, कडा अजून ओल्या. ऊस सोडून ओढ्याच्या अंगाला गेलेले.

वनखात्याला फोन केला, माणूस पाठवतो म्हणाले. ठकूबाईला तीन वेळा लावला. उचलत नाही. माझं नाव दिसलं की का उचलेल ती? सारिकाचा बंद. टोळी ओढ्यापलीकडच्या मळ्यात आहे हे सौ. ला माहीत होतं. काठी घेतली आणि निघालो. सौ. म्हणाली, गाडीवर कुणालातरी पाठवा. नको म्हणालो. गुडघे दुखतात, पण चाललो, मध्ये मध्ये पळालोही.

बाया कांदा लावत होत्या. मला लांबूनच बघून ठकूबाईनं पाठ फिरवली. मी बांधावरूनच ओरडलो, "ठसे आहेत! आजचे!"

सारिका उठली. "कुठं?"

"माझ्या विहिरीपाशी. ओढ्याकडं आलेत."

"किती येळ झाला बघून?"

"अर्धा तास."

तिनं गळ्यातला पट्टा चाचपला आणि वळून सगळ्यांना हाक मारली. थाळी वाजायला लागली. ओढ्याकडचे वाफे सोडून बाया रस्त्याकडच्या अंगाला सरकल्या, पोरी मध्ये, थोराड बाया कडेला. मळ्याचा मालक माझ्याकडं खाऊ का गिळू असं बघत होता. मग तोही काठी घेऊन आला.

मी ओढ्याकडं तोंड करून उभा राहिलो. दुपारी सारिकानं तांब्याभर पाणी आणून बांधावर ठेवलं आणि परत वाफ्यात गेली. सुटी होईपर्यंत तिथंच होतो. आता पाय सुजलेत, सौ. नं गरम पाणी दिलंय.

निघताना ठकूबाई माझ्या शेजारून गेली. माझ्याकडं न बघता म्हणाली, "उद्या वरच्या मळ्यात हाय आमी. आठला."