पाहुण्यांना होलागणिक दर लावण्याबाबत

प्रति,
मा. मानद सचिव,
मैदान समिती कार्यालय, गोल्फ क्लब

विषय : पाहुण्या खेळाडूंकडून होलागणिक दर घेणे व मला सातवा होल खेळू देणे.
संदर्भ : माझे यापूर्वीचे तीन अर्ज (उत्तर नाही).

महोदय,

१. मी आपल्या मैदानावर एकतीस वर्षे गवत कापले. कर्मचाऱ्यांना सोमवारी फुकट खेळण्याची सवलत होती. परंतु सोमवारी मैदान बंद ठेवून गवत कापले जाई आणि कापणारा मीच. निवृत्त झालो, सोमवार मोकळा झाला, तेव्हा सवलत संपली. सबब आता मी नियमाने ‘पाहुणा’ आहे.

२. पाहुण्याला सकाळी पूर्ण अठरा होलांचा दर, तोही सदस्याच्या चौपट. दुपारी चारनंतर अर्धा. मला काचबिंदू आहे. चारनंतर चेंडू सोडा, झेंडाही दिसत नाही. काउंटरवरील बाई म्हणाल्या, “काका, दर वरून आलेत, मी काय करू?” वर गेलो, तर वरच्यांनी पुन्हा बाईंकडे धाडले. जिने चढून गुडघे गेले, हे वेगळेच.

३. शिवाय खेळ येत असल्याचा दाखला हवा. दाखल्यासाठी याच मैदानावर तीनदा खेळावे लागते आणि खेळण्यासाठी दाखला लागतो. हे शहाणपण कोणत्या बैठकीत सुचले, ते कळवावे.

४. बसमध्ये दोन थांब्यांचे तिकीट मागणाऱ्याच्या गळ्यात कोणी शेवटच्या थांब्याचे मारत नाही. तद्वत पाहुणा जितके होल खेळेल, तितक्यांचेच पैसे घ्यावेत. एरवी दुपारभर मैदान ओस पडलेले असते, ते मी डोळ्यांनी पाहिले आहे.

५. मला सातवाच होल हवा. तिथले ग्रीन, म्हणजे झेंड्याभोवतीचे बारीक गवत, मी गुडघ्यांवर बसून लावले. दोनदा करपले, तिसऱ्यांदा धरले. लोक त्यावर खेळले आणि चेंडूंनी पडलेले खळगे मी बुजवले. शेडमागे जुन्या काठीने मारायला शिकलो, पण त्या गवतावर एकदाही चेंडू घातला नाही. घरची मंडळी म्हणतात, “या वयात कसला सोस?” सोस नव्हे, मला राग आहे, आणि वाईटही वाटते.

६. समितीची बैठक जूनमध्ये आहे. डॉक्टरांनी नजर मार्चपर्यंतच टिकेल असे धरून चालायला सांगितले आहे. करिता बैठकीची वाट न पाहता एका सकाळची परवानगी द्यावी, ही विनंती.

वाट पाहून थकलेला, तरीही आपला नम्र,
(सही)
निवृत्त गवतकापणी कामगार
दिनांक : ९ जानेवारी

सोबत : १) नेत्रतज्ज्ञांचा दाखला
२) सेवेचा दाखला
३) तीन पोचपावत्या

टीप : अर्ज मुलीने लिहिला. रागाचे शब्द तिने गाळले होते, ते मी परत घालायला लावले. सही माझीच आहे. तिने रेघेवर बोट ठेवून दाखवले, तरी सही खाली उतरली. उत्तर कृपया मोठ्या अक्षरांत द्यावे. नकार असल्यास नेहमीची अक्षरे चालतील.