पदरावरचा हात

नालवाडी, वर्धा
८ नोव्हेंबर २०२५

चि. सौ. कोकिळा हिस,
रुख्माबाईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुले फोनवर ऐकू येत नाई. मी इकडून ओरडते तं बंडूचे शेजारी धावत येतात, म्हातारी पुन्हा पडली म्हणून. म्हणून हे पत्र. सांगून राह्यली मी, लिहून राह्यली माही नात आकांक्षा. मी गुरं राखली आन तू चौथी शिकली, तवापासून तुह्यं नाक वरच आहे.

अंगणातल्या शेवाळावर पाय घसरला, हे तुले ठाऊकच आहे. तवापासून पोरानं मले इथं ठेवून घेतलं. समुद्रपूरच्या घराले कुलूप, चावी माह्या भासऱ्यापाशी, मालकाच्या थोरल्या भावापाशी, नानाजीपाशी. बंडू म्हणते, सुरभी म्याडम हो म्हणल्याशिवाय आईले एकटीले तिकडं धाडत नाई. सुरभी म्हंजे दवाखान्याच्या हॉलमधे तोल सुधरवणारी पोरगी. ती नाई म्हणली तं जन्मभर मी बंडूच्या गॅलरीत, कुंडीतल्या कोथिंबिरीसारखी.

तिची कसरत ऐकशीन तं हसशीन. कमरेले पट्टा बांधते, म्हशीले बांधावा तसा, आन त्याचा दोर वर छताले. डोळ्यावर डबा चढवते. आकांक्षा त्याले व्हीआर म्हणते. डबा चढला का हॉल गायब! समोर नदी, नदीवर लाकडी पूल. खरं तं आपण फरशीवरच उभं राहून पाय उचलतो, पण जीव म्हणते, गेलो बुडून. पहिल्या दिवशी पाणी पाह्यलं आन मी लुगडं पोटरीपर्यंत वर धरलं. सगळा हॉल हसला. पाणी कोरडं आहे, हे मले कोणी सांगतलं नाई.

पुलापल्याड संत्र्याची बाग. संत्री तोडून टोपल्यात टाकायची. तिथं मी हुशार. पण बागेच्या तोंडाशी बाकावर पांढऱ्या मिशीचा एक म्हातारा बसते. त्याच्यापाशी आली का मी डुलते आन पट्ट्यात लोंबकळते, खुंटीवरच्या पिशवीसारखी. दर वेळी तिथंच. सुरभी इचारते, आजी, इथं आल्यावर तुमचा एक हात डोक्याकडं काऊन जाते? मी म्हणली, डोकं खाजवते. आता तिले वाटते का मले उवा झाल्या.

तुह्या गुडघ्याचं कळव. तुळशीले पाणी टाकजो. माया आहेच, ती राहू दे.
तुही बाई,
रुख्मा
(अंगठा आजीचा. शाईचे डाग माझ्या ड्रेसवर. – आकांक्षा)


समुद्रपूर
१७ नोव्हेंबर २०२५

ती. बाईस,
कोकिळाचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

पत्र पोचलं. दोनदा वाचलं, कारण मले वाचता येते. तुळस बरी आहे. माहे गुडघे तुह्यासारखेच, पण मी ते गावभर मिरवत नाई.

आता एक इचारते. शेवाळ कोणत्या अंगणात होतं वं? तुह्या अंगणात तं कोंबडी पाय भाजून पळते. मी त्या दिवशी माह्या फाटकात उभी होती. नानाजी मेथीची जुडी घेऊन आले. जन्मभर ठेवतात तशी ओट्यावर ठेवली आन दोन पावलं मागं सरले. भावसून आहेस, धाकट्या भावाची बायको, भासऱ्याच्या हातातून हातात घेणार कशी? तू एका हातानं डोक्यावर पदर ओढला, दुसऱ्या हातानं जुडी घ्यायले वाकली, आन धरायले हातच उरला नाई. खाली गेली. त्याहिले वाटलं, हात लावावा का नाई. तेवढ्यात तू पडून चुकली होती.

बाई, मिशीवाला म्हातारा त्या डब्यात नाई, तुह्या डोक्यात आहे.

मी काल हे सारं नानाजीले सांगून टाकलं. रागावशीन, रागाव. ते उठले, दारापर्यंत गेले, आन वर्ध्याची एसटी सकाळी कितीले सुटते, हे मलेच इचारलं.

तब्येतीले जपजो. माया कमी करू नको.
तुही धाकटी,
कोकिळा


नालवाडी
२९ नोव्हेंबर २०२५

चि. सौ. कोकिळा हिस,
अनेक आशीर्वाद, आन कान पिळायचा बाकी आहे. वि. वि.

देवानं तुह्ये कान घेतले, तोंड तेवढं ठेवलं. नानाजी खरंच आले. थेट त्या हॉलमधे. खुर्चीवर बसले, भिंतीकडं तोंड करून. आता माह्यापुढं दोन म्हातारे, एक डब्यात, एक डब्याबाहेर. मी जी डुलली का सुरभी घाबरली.

मंग तिनं गंमत केली. म्हणली, बाबा, आता तुम्ही पाहा. त्याहिच्या डोळ्यावर डबा चढवला आन पट्टा बांधायले मागं वळली. तेवढ्यात नानाजीले पूल दिसला असन. जो माणूस सरपंचाले जुमानत नाई, तो कोरड्या फरशीवर उभा राहून "बाप्पा बाप्पा" करत मागं कलला.

कोकिळा, मी इचार केला नाई. दोन्ही हातानं त्याहिचा दंड धरला, पाय फाकवून उभी राह्यली, आन पेललं. पदर खांद्यावर आला, मंग पाठीवर गेला. जाऊ दे म्हणली. त्याहिच्या डोळ्यावर तं डबा होता, दिसणार काय? त्याहिले वाटलं सुरभीच आहे. म्हणले, पोरी, तुह्या हातात लय जोर आहे.

डबा निघाला. त्याहिनं माहे केस पाह्यले, पांढरे. माहा हात डोक्याकडं निघाला, तवा नानाजी भिंतीले म्हणले, नेहमीसारखेच भिंतीले, का तो हात आता पडताना धरायले ठेवावा, आमच्यासाठी पदर घेणं पुरे झालं.

मंग सदऱ्याच्या खिशातून घराची चावी काढली. मी सवयीनं पाहून राह्यली का ठेवतात कुठं. टेबल होतं, खुर्ची होती. कुठंच ठेवली नाई. हात पुढं करून उभे राह्यले.

मी घेतली. वाकली नाई, डुलली नाई.

सुरभी म्हणली, आजी, दोन्ही हात मोकळे असले का तुमचा तोल चांगला आहे. रोज खिडकीचा गज धरून कसरत करा, मंग घरी जा. बंडूनं तोंड वाकडं केलं, पण पिशवी भरून देली. पुढच्या सोमवारच्या, ८ तारखेच्या एसटीनं येते. पाणी तापवून ठेवजो.

नानाजीले सांग, येताना बाजारातून मेथीच्या दोन जुड्या आणते. एक त्याहिची. ओट्यावर ठेवणार नाई म्हणा.

भेटीपुरती माया शिल्लक ठेव.
तुही बाई,
रुख्मा
(अंगठा आजीचाच. या खेपेला डाग नाही, हात स्थिर होता. – आकांक्षा)